काय लपवलं, कुणापासून लपवलं: विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिकन कथा

एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट. ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मेजाय’ या आकड्यापासून सुरू होते. त्यातले साठ सेंट सुट्या एकेका सेंटच्या नाण्यांत आहेत, हेही लेखक लगेच सांगून टाकतो. हिशेबी वाचक इथेच अडखळतो. साठ सेंट बाजूला काढले की उरतात १ डॉलर २७ सेंट, आणि पाच, दहा, पंचवीस, पन्नासच्या नाण्यांत वरचे दोन सेंट काही बसत नाहीत. अमेरिकेत १८७३ पर्यंत दोन सेंटचं नाणं पाडलं जात असे. तसं एखादं जुनं नाणं कथेची नायिका डेला हिच्या मुठीत असेल तर हिशेब जुळतो.

पुढचे आकडे मात्र चोख आहेत. नवऱ्याचा पगार आठवड्याला ३० डॉलरवरून २० वर आलेला, आणि घरभाडं आठवड्याला ८ डॉलर. डेला केस विकते, २० डॉलरला. जिमच्या घड्याळासाठी प्लॅटिनमची साखळी घेते, २१ डॉलरला. हातात उरतात ८७ सेंट. म्हणजे केसांची किंमत नवऱ्याच्या आठवड्याच्या पगाराएवढी आणि साखळी त्याहून एक डॉलरने महाग. डेलाच्या पैशांमागे धावताना वाचकाला एक प्रश्न सुचतच नाही: तिकडे जिम दिवसभर काय करतोय?

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतली अमेरिकन कथा समजून घ्यायची तर हाच धागा पकडावा. प्रत्येक कथेत काहीतरी लपवलेलं असतं. ते काय आहे आणि कुणापासून लपवलंय, एवढं ओळखता आलं की एरवी एकमेकांशी काडीचं नातं नाही असे वाटणारे लेखक एका ओळीत येतात. शेवट सांगितल्याशिवाय कथेची रचना उलगडून दाखवता येत नाही, म्हणून इथे कथांचे शेवट सांगितले आहेत.

ओ. हेन्री लपवतो वाचकापासून. ‘मेजाय’ म्हणजे बाळ येशूसाठी भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी. कथा १० डिसेंबर १९०५ ला न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या दैनिकाच्या रविवारच्या अंकात आली. तिची रचना तीन टप्प्यांत दिसते. आधी पेरणी: जिमचं वडिलोपार्जित सोन्याचं घड्याळ आणि डेलाचे लांब केस, या घरातल्या दोन अभिमानाच्या गोष्टी एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. तो परिच्छेद काढून टाका, शेवट कोसळेल. मग आड: डेला बाहेर पडल्यापासून कथा क्षणभरही तिची पाठ सोडत नाही. केस विकत घेणारी बाई, दुकानं, घरी येऊन कुरळे केलेले आखूड केस, सात वाजता तयार असलेली कॉफी. शेवटी उघड, आणि तेही दोन पायऱ्यांत. आधी डेलाच्या लांब केसांसाठी जिमने आणलेले कंगवे निघतात, मग डेला साखळी पुढे करते आणि ते कंगवे घ्यायला त्याने घड्याळच विकल्याचं कळतं. हा क्रम उलटा केला असता तर कंगवे नुसते दुःखद उरले असते. आहे त्या क्रमात दुसरी बातमी पहिलीचा अर्थ बदलते.

त्याच्याच ‘आफ्टर ट्वेंटी इयर्स’मध्ये हीच कारागिरी हवामानात दडली आहे. सुरुवातीलाच थंड वारा आणि पावसाची चाहूल आहे. वर्णन सजावटीचं वाटतं, पण त्या वाऱ्यामुळेच पुढे येणाऱ्या माणसाने कोटाची कॉलर कानापर्यंत वर केलेली असते आणि ते कुणाला खटकत नाही. चेहरा झाकला जातो. पुढे औषधाच्या दुकानाच्या विजेच्या दिव्याखाली दोघं येतात तेव्हा नाकाचा आकार दिसतो आणि वीस वर्षांनी भेटायला आलेला हा आपला मित्र नव्हे हे वाट पाहणाऱ्याला कळतं. खरा मित्र म्हणजे सुरुवातीला त्याच्याशी बोलून गेलेला पोलीस, आणि त्याने याला फरार गुन्हेगार म्हणून ओळखलेलं असतं.

या पद्धतीची नक्कल करणारे हमखास एका ठिकाणी फसतात. ज्या पात्राच्या डोक्यात आपण बसलो आहोत, त्यालाच ठाऊक असलेली गोष्ट ते लपवतात. ती फसवणूक होते आणि वाचक चिडतो. डेलाला जिमचं माहीतच नाही, म्हणून तिच्यासोबत राहून ते लपवणं प्रामाणिक आहे. दुसऱ्या कथेतल्या पोलिसाला सगळं कळलेलं असतं, पण तिथे कथा त्याच्या मनात शिरतच नाही, त्याला बाहेरूनच पाहते. कलाटणी जमली की नाही हे पाहायचं असेल तर कथा लगेच दुसऱ्यांदा वाचावी. दुसऱ्या वाचनात एकही वाक्य खोटं ठरत नसेल, तर ती जमली.

ओ. हेन्रीचं खरं नाव विल्यम सिडनी पोर्टर. ऑस्टिनमधल्या बँकेत कॅशियरच्या खिडकीवर असताना पैशांच्या अफरातफरीचा आरोप आला, १८९८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि ओहायोच्या तुरुंगात त्याने रात्रपाळीचा औषधविक्रेता म्हणून काम केलं. तीन वर्षांनी सुटला. न्यूयॉर्कमध्ये ‘वर्ल्ड’साठी आठवड्याला एक कथा, कथेमागे १०० डॉलर असा करार होता. दर आठवड्याला नवीन कथा उभी करायची तर हाताशी पक्का साचा लागतोच. १९१० मध्ये तो गेला तेव्हा ४७ वर्षांचा होता.

साच्याला बाजारही तसाच मिळाला. १८९१ पर्यंत अमेरिकन प्रकाशक ब्रिटिश लेखकांचं लेखन एक पैसा न देता छापू शकत होते. त्या वर्षी परदेशी लेखकांनाही कॉपीराइटचं संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशी कथेला भाव आला. ऑक्टोबर १८९३ मध्ये ‘मन्सीज’ मासिकाने अंकाची किंमत १० सेंटवर आणली. छपाईचा खर्चही त्यातून निघत नव्हता, तूट जाहिराती भरून काढत होत्या. १८९७ मध्ये सायरस कर्टिसने मरणपंथाला लागलेलं ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ १००० डॉलरला विकत घेतलं आणि ५ सेंटला विकलं. अशा अंकांत कथा सुरू होई पुढच्या पानांवर आणि तिचं शेपूट मागे, साबण आणि मोटारींच्या जाहिरातींच्या मधल्या अरुंद रकान्यांत जाई. वाचकाने तिथवर पानं उलटावीत म्हणून शेवटाची ओढ लागायला हवी होती. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डला ‘पोस्ट’ने १९२० मध्ये पहिल्या कथेचे ४०० डॉलर दिले, १९२९ मध्ये एका कथेचे ४०००. असा मोबदला मिळत असताना नियम मोडायला धैर्य लागतं, हे पुढच्या लेखकांबद्दल वाचताना ध्यानात ठेवावं.

जॅक लंडनने वाचकापासून काहीच लपवलं नाही. त्याच्या ‘टू बिल्ड अ फायर’ नावाच्या दोन कथा आहेत, आणि कथालेखन शिकू पाहणाऱ्याने त्या एकापाठोपाठ एक वाचाव्यातच. पहिली मे १९०२ मध्ये ‘द यूथ्स कंपॅनियन’ या मुलांच्या नियतकालिकात आली. तिच्यातल्या माणसाला नाव आहे, टॉम व्हिन्सेंट. तो गारठतो, कसाबसा आग पेटवतो, वाचतो आणि एकट्याने प्रवास करू नये हा धडा घेतो. दुसरी ऑगस्ट १९०८ च्या ‘सेंच्युरी’ मासिकातली. तिच्यात माणसाला नाव नाही, सोबतीला एक कुत्रा आहे, आणि माणूस मरतो.

तापमान उणे ७५ फॅरनहाइट, म्हणजे उणे ५९ सेल्सियसच्या आसपास. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या सल्फर क्रीकच्या जुन्याजाणत्याने बजावलेलं असतं की उणे ५० च्या खाली एकट्याने निघू नये. माणूस थुंकतो आणि थुंकी बर्फावर पडण्याआधी हवेतच तडतडते. उणे ५० ला ती बर्फावर पडल्यावर तडतडते, हे त्याला माहीत असतं. त्यावरून थंडी आपल्या अंदाजापेक्षा जास्त आहे हे त्याला समजतं, पण त्याचा अर्थ समजत नाही. कथेचं मर्म तिथे आहे. लेखकाने सगळं उघड्यावर ठेवलंय आणि ते फक्त त्या माणसाला दिसत नाही.

चूक नेमकी कुठे होते तेही पाहण्यासारखं आहे. बर्फाखालच्या पाण्यात तो निम्म्या पोटरीपर्यंत भिजतो. आता थांबून पाय वाळवले नाहीत तर ते गोठणार. तो आग पेटवतो ती स्प्रूसच्या झाडाखाली, कारण खालच्या झुडपातून काटक्या ओढून थेट आगीत टाकणं तिथे सोपं असतं. प्रत्येक ओढीने झाड किंचित हलतं. फांद्यांवर साचलेल्या बर्फाचा एक लोट निसटतो, खालच्या फांद्यांवरचा बर्फ सोबत घेतो, आणि आग विझते. दुसऱ्या वेळी बोटं इतकी बधिर की सत्तर काड्यांचा जुडगा एकदम पेटवावा लागतो. निसर्ग क्रूर आहे असं लंडन कुठेही म्हणत नाही. शेवटी कुत्रा वास घेतो, थोडा वेळ थांबतो आणि जिथे अन्न आणि आग मिळेल त्या तळाच्या दिशेने निघून जातो. १९०२ च्या कथेतल्या धड्याच्या जागी इथे एवढंच आहे, आणि तेच पुरेसं आहे.

सुझन ग्लास्पेल हिची ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ (१९१७) आपल्याकडे फारशी वाचली जात नाही. या सगळ्यांत आधी वाचावी अशी ही कथा आहे. डिसेंबर १९०० मध्ये आयोवात जॉन होसॅक नावाच्या शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीने खून झाला आणि बायकोवर खटला चालला. ग्लास्पेल तेव्हा डेमॉइन शहरातल्या दैनिकाची वार्ताहर होती आणि तिने त्याच्या बातम्या दिल्या होत्या. त्यातून तिने १९१६ मध्ये ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका लिहिली आणि पुढच्या वर्षी ही कथा. ‘ट्रायफल्स’ म्हणजे किरकोळ गोष्टी.

कथेत नवरा दोरीने गळा आवळून मारला गेलाय, बायको मिनी कोठडीत आहे. शेरीफ, सरकारी वकील आणि शेजारचा शेतकरी पुरावा शोधायला माडीवर आणि गोठ्यात जातात. त्या शेतकऱ्याची बायको मिसेस हेल आणि शेरीफची बायको मिसेस पीटर्स खाली स्वयंपाकघरात थांबतात. पुरुषांच्या लेखी तिथे नुसता पसारा आहे. या दोघींना मात्र दिसतं: साखर डब्यात भरता भरता अर्ध्यावर सोडली आहे. चूल विझल्याने थंडीत फळांच्या बरण्या तडकल्या आहेत. आणि गोधडीच्या तुकड्यांत बाकी सगळी शिवण नीटस असताना एकाच तुकड्याचे टाके वेडेवाकडे आहेत. हातात सुई धरलेल्या कुणालाही कळतं की तो तुकडा शिवताना हात थरथरत होते. मिसेस हेल न बोलता ते टाके उसवते आणि नीट घालायला घेते. पुरावा नष्ट होतोय, पण पुरुषांना त्यात पुरावा दिसतच नाही. पुढे बिजागरी उखडलेला पिंजरा सापडतो आणि शिवणाच्या पेटीत रेशमी कापडात गुंडाळलेला, मान मुरगळलेला कॅनरी पक्षी. पक्ष्याचा गळा आणि नवऱ्याचा गळा, संगती लावायला आणखी काही लागत नाही.

गोधडीचे थर एकत्र धरायला दोन रीती असतात. सबंध अंगावर धावदोरा घालायचा, नाहीतर ठिकठिकाणी दोऱ्याच्या गाठी मारायच्या. मिनी यातलं काय करणार होती, असं वकील चेष्टेने विचारतो. मिसेस हेलचं उत्तर, गाठी मारणार होती, हीच कथेची शेवटची ओळ. दोरीची गाठही त्यात आली आणि दोघी बायकांमधला अबोल करारही. तेव्हा आयोवात बायकांना ज्युरीत बसता येत नव्हतं. शीर्षकातल्या ‘तिच्या बरोबरीच्यांची ज्युरी’ न्यायालयात मिळणं शक्यच नव्हतं, ती स्वयंपाकघरात भरली.

शेरवुड अँडरसनला कलाटणीचा तिटकारा होता. आधी रचलेलं कथानक कथनात विष कालवतं, असं त्याचं ठाम मत. मराठीतला तंत्र आणि नवकथेचा वाद ज्यांनी वाचलाय त्यांना ही तक्रार ओळखीची वाटेल. ओहायोतल्या एलिरिया गावी त्याचा रंगांचा धंदा होता. नोव्हेंबर १९१२ मध्ये एक दिवस तो कचेरीतून उठून चालता झाला आणि चार दिवसांनी क्लीव्हलँडमध्ये सापडला. पुढे शिकागोत त्याने ज्या गावकथा लिहिल्या त्या १९१९ मध्ये ‘वाइन्सबर्ग, ओहायो’ या नावाने पुस्तकरूपात आल्या. त्याच्या कथेत गोष्ट लपलेली असते ती पात्राच्या स्वतःपासून. त्याला काय हवंय हे त्यालाच सांगता येत नाही.

‘द एग’ घ्या. कोंबड्या पाळण्यात दहा वर्षं घालवून हात पोळलेला बाप रेल्वे स्टेशनसमोर खाणावळ काढतो आणि गिऱ्हाइकांची करमणूक केली तर धंदा चालेल असं मनात घेतो. गाडीची वाट पाहणाऱ्या एका तरुणासमोर तो अंडं बाटलीत घालून दाखवायला जातो. युक्ती अशी, की व्हिनेगरमध्ये अंड्याचं कवच मऊ पडतं आणि मग ते चिंचोळ्या तोंडातून आत सरकतं. युक्ती खरी आहे, पण कवचातलं कॅल्शियम विरघळायला एखादा दिवस लागतो. बाप घाईत व्हिनेगर तापवून काम उरकायला बघतो, कारण गाडी यायची वेळ झालीय. अंडं फुटतं, अंगावर उडतं, तरुण हसतो. इथे जो वाचक कलाटणीची वाट पाहतो त्याच्या हाती काही लागत नाही. पाहायचं ते पुढे आहे: बाप हातात एक अंडं घेऊन वर येतो, बायकोच्या पलंगाशी गुडघे टेकतो आणि लहान मुलासारखा रडतो. का, ते कुणी विचारत नाही.

रिंग लार्डनरच्या ‘हेअरकट’मध्ये (१९२५) गोष्ट लपली आहे ती सांगणाऱ्यापासून. गावचा न्हावी खुर्चीवर बसलेल्या नव्या गिऱ्हाइकाला जिम केंडल या मेलेल्या माणसाच्या थट्टेचे किस्से रंगवून सांगतो. ती थट्टा किती दुष्ट होती हे त्याला कळत नाही, आपल्याला दुसऱ्या-तिसऱ्या किश्शापासून कळू लागतं. बदकांच्या शिकारीला गेलेला जिम नावेत गोळी लागून मरतो. बंदूक पॉल या मंदबुद्धी मुलाच्या हातात असते. डॉक्टरच मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी आहे, तो अपघात ठरवतो, आणि न्हाव्यालाही तसंच वाटतं. पण असं वागणाऱ्याला जिवंत ठेवू नये, हे पॉलने डॉक्टरकडून ऐकलं होतं, असं न्हाव्यानेच मधे आपल्याला सांगून ठेवलेलं असतं. निवेदकाचं मत म्हणजेच लेखकाचं मत, असं धरून ही कथा वाचली तर ती फसवी आणि क्रूर वाटेल. मराठीत आणायची तर न्हाव्याची भाषा प्रमाण ठेवून चालणार नाही. त्याचा अडाणी आत्मविश्वास व्याकरणाच्या चुकांत आहे.

आता अर्नेस्ट हेमिंग्वे. १९२१ मध्ये पॅरिसला निघताना त्याच्याकडे अँडरसनने दिलेली शिफारसपत्रं होती. हिमनगाचा एक अष्टमांश भागच पाण्यावर दिसतो, ही उपमा त्याने १९३२ मध्ये वापरली. तिचा अर्थ बरेचदा ‘कमी लिहा’ असा लावला जातो, आणि तो चुकीचा आहे. लेखकाला जे पक्कं माहीत आहे ते गाळलं तरी त्याचं वजन कथेत राहतं. माहीत नाही म्हणून गाळलं तर नुसतं भोक पडतं, असं त्याचं म्हणणं.

‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’ (१९२७) हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या खोऱ्यातलं जंक्शन. बार्सिलोनाहून येणारी गाडी चाळीस मिनिटांनी आहे. एक अमेरिकन पुरुष आणि एक मुलगी बिअर पीत बोलताहेत. तो तिला गर्भपाताला राजी करू पाहतोय, पण तो शब्द कथेत एकदाही येत नाही. ‘साधं ऑपरेशन’ एवढंच. दोघांनाही माहीत असलेली गोष्ट आपण चोरून ऐकतोय. स्टेशनच्या एका बाजूला सावली नाही, झाड नाही. दुसऱ्या बाजूला धान्याची शेतं आणि नदीकाठची झाडं. शेवटाकडे गाडीला पाच मिनिटं उरल्याचं कळतं. म्हणजे पस्तीस मिनिटं गेली. कथा वाचून होते सात-आठ मिनिटांत. बाकीचा वेळ ती दोघं गप्प होती.

ओ. हेन्री, लंडन, लार्डनर, अँडरसन, ग्लास्पेल यांच्या कथांवरचा कॉपीराइट भारतात कधीच संपलाय. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हा इथला नियम. हेमिंग्वे १९६१ मध्ये गेला, त्यामुळे त्याने हयातीत छापलेल्या कथाही २०२२ पासून परवानगीशिवाय मराठीत आणता येतात. ‘हिल्स’ आणताना दोन-तीन अडचणी ठरलेल्या. शीर्षकाची काळजी नको, कारण ‘पांढरा हत्ती’ मराठीतही पोसायला नकोसं झालेलं लोढणंच सुचवतो. इंग्रजीत मात्र कोण बोलतंय हे कळायला ओळी मोजाव्या लागतात. मराठीत ‘मी म्हणतो’, ‘मी म्हणते’ आलं की ते आपोआप उघड होतं, तेव्हा क्रियापदं जपून निवडावी लागतात. ‘गर्भपात’ हा शब्द तर चुकूनही घालू नये. आणि मुलगी त्याला गप्प बस म्हणताना एका दमात सात वेळा ‘प्लीज’ म्हणते. ते सातही तसेच ठेवावेत. ‘कृपा करून’ एकदाच लिहून मोकळं होऊ नये.